मॉरिशस बेटांतील एक दिवस

परदेशीं जाऊन आलेल्या मनुष्यानें तेथील उंच इमारती, गुळगुळीत रस्ते व समुद्रकांठची शोभा यांचें वर्णन करावें, अशी एक रीत पडून गेली आहे. शेतकऱ्यांच्या मासिकांत त्या वर्णनाचा फारसा उपयोग नाहीं. शेतकरी कोठेंही गेला तरी त्याची नजर प्रथम बांधाकडे जाते. जमीन कसली, पाणी कोठलें, पीक काय, आणि त्या पिकाचा पैसा अखेर कोणाच्या हातीं पडतो, हें तो विचारतो. ऑगस्ट २०२४ मध्यें आपल्या संस्थेचे एकवीस सभासद स्वखर्चानें मॉरिशस बेट पाहण्यास गेले होते, त्यांच्याबरोबर जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. सहल एकंदर पांच दिवसांची. पैकीं एकाच दिवसाची हकीकत येथें देत आहें, कारण त्या दिवसांत ऊस, जमीन आणि माणूस या तिहींविषयीं विचार करण्यासारखें पुष्कळ पाहावयास मिळालें.

मॉरिशस हें बेट हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर आहे. क्षेत्रफळ अवघें १,८६५ चौरस किलोमीटर, लांबी सुमारें ६५ व रुंदी सुमारें ४५ किलोमीटर. म्हणजे सकाळीं मोटारींत बसलेला मनुष्य दुपारच्या आंत या टोंकाहून त्या टोंकास सहज जाऊं शकतो. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास असून तींतील सुमारें दोन-तृतीयांश लोक हिंदुस्थानांतून गेलेल्यांचे वंशज आहेत. डच लोक येथें १५९८ मध्यें उतरले व त्यांनींच १६३९ मध्यें जावा बेटांतून उंसाचें बेणें आणलें. पुढें १७१५ पासून फ्रेंचांचा आणि १८१० पासून इंग्रजांचा अंमल झाला, व १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला. कचेरींत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच, आणि घरीं व बाजारांत क्रिओल नांवाची मिश्र बोली, असा तेथील प्रकार आहे. नाणें मात्र रुपयाचेंच, आणि गाड्या आपल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या बाजूनेंच चालतात. त्यामुळें आमच्यांतील वयस्कर मंडळींस पहिल्या दिवशींच हायसें वाटलें.

सकाळीं सात वाजतां उत्तरेकडील मुक्कामाहून आमची बस निघाली. ऑगस्ट म्हणजे तेथें हिंवाळा, आणि उंसाच्या तोडणीचा हंगाम. जून महिन्यांत सुरू झालेली तोडणी डिसेंबरपर्यंत चालते. रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊस उभा होता, आणि शेतांच्या मधोमध ठिकठिकाणीं काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसत होते. कोणास तीं देवळें वाटलीं, कोणास थडगीं. हें बेट ज्वालामुखीपासून झालेलें, दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा. पूर्वीच्या मजुरांनीं एकेक दगड हातानें उचलून शेत मोकळें केलें, आणि उचललेला दगड टाकावा कोठें म्हणून शेतांतच रचून ठेवला, असा त्या ढिगांचा इतिहास आहे. हल्लीं यंत्रानें तोडणी करतां यावी म्हणून पुष्कळ ठिकाणचे ढीग काढून टाकले आहेत. जे राहिले आहेत ते पाहून, ज्यानें आयुष्यांत एकदां तरी खडकाळ माळ वहितीस आणला आहे, त्याच्या पाठींत कळ आल्याशिवाय राहणार नाहीं.

प्रथम ब्यो प्लां येथील साखरेचें संग्रहालय पाहिलें. ही पूर्वीची साखर गिरणी. ती १९९९ मध्यें बंद झाली, आणि २००२ पासून तिच्याच इमारतींत हें संग्रहालय भरविलें आहे. जुने चरक, कढया, वाफेचीं यंत्रें व चिमणी जागच्या जागीं ठेवून उंसाचा या देशांतील सारा इतिहास मांडला आहे. शेवटीं निरनिराळ्या जातींच्या तांबूस व काळसर साखरेचे नमुने चाखावयास देतात, त्यांतील एक नमुना तोंडांत टाकतांच आमच्यांतील एका कोल्हापूरकर गृहस्थांनीं, "ही साखर नव्हे, हा आमच्या गुऱ्हाळांतला गूळच!" असा निकाल दिला. तो फारसा चुकीचा नव्हता. पांढऱ्या साखरेंत स्वस्ताईची चढाओढ करणें आपणांस परवडणार नाहीं हें ओळखून, या देशानें मळीची चव राखलेल्या अशा खास साखरा परदेशीं विकण्याचा मार्ग धरला आहे.

ही वेळ त्यांच्यावर कां आली, तें समजून घेण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या लहानशा बेटांत अडीचशेंहून अधिक गिरण्या होत्या. आज तीनच चालू आहेत. १९७५ पासून युरोपांतील राष्ट्रांनीं करार करून दरवर्षीं सुमारें पांच लाख टन साखर बाजारभावाहून चढ्या दरानें घेण्याचें पत्करलें होतें. त्या करारावर घरें उठलीं, मुलें शिकलीं, देश वर आला. परंतु २००६ पासून युरोपनें भाव टप्प्याटप्प्यानें उतरविला, तो एकंदर शेंकडा ३६ नीं खालीं आला, आणि २००९ मध्यें करारच संपला. ज्या बेटांतून एके काळीं वर्षास सहा-सात लाख टन साखर निघत असे, तेथें आतां अडीच लाखांच्या आंतच निघते. एकच पीक, एकच गिऱ्हाईक आणि दुसऱ्यानें ठरविलेला भाव, या तिहींवर विसंबलेल्या शेतकऱ्यास गिऱ्हाईकानें हात आंखडतांच काय सोसावें लागतें, याचें हें उदाहरण आहे.

तेथून राजधानी पोर्ट लुई येथें बंदरावरील आप्रवासी घाट पाहिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं या बेटांतील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. उंसाच्या मळ्यांस मजूर हवे होते, म्हणून हिंदुस्थानांतून करारानें मजूर आणण्यास सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलस' नांवाच्या जहाजांतून छत्तीस मजूर उतरले. तेव्हांपासून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें या बंदरांत आलीं. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून निघालीं. कांहीं मुंबई बंदरांतून गेलीं, आणि त्यांत कोंकणांतील पुष्कळ होतीं. कराराची मुदत सामान्यतः पांच वर्षांची, पगार महिना पांच रुपयांच्या घरांत, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. १८६७ च्या कायद्यान्वयें तर अशा मजुरास स्वतःचें चित्र लावलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय हिंडण्याची मुभा नव्हती. जहाजांतून उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून हीं माणसें आंत गेलीं, त्या पायऱ्या अद्याप आहेत. २००६ मध्यें ही जागा जागतिक वारशाच्या यादींत आली. आमची मंडळी एरव्हीं बडबडी. पण तेथें कोणी बोललें नाहीं. एका वृद्ध सभासदानें पायरीस हात लावून कपाळास लावला, तो पाहून इतरांनींही तसेंच केलें.

पुढें मोका या गांवीं गेलों. तेथें एप्रिल २०२३ मध्यें बसविलेल्या श्रीशिवछत्रपतींच्या पुतळ्याचें दर्शन घेतलें. याच गांवीं १९७० मध्यें स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था आहे. तींत मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू इत्यादि भाषा शिकवितात, आणि करारी मजुरांच्या नोंदींचीं जुनीं बाडें तिच्याच दप्तरखान्यांत जपून ठेविलीं आहेत. आपला पूर्वज कोण, कोठला, कोणत्या जहाजानें आला, हें विचारावयास येणाऱ्या वंशजांस त्या नोंदींचा उतारा मिळतो. या उताऱ्याची गोष्ट पुढें येईल.

दुपारीं आम्हांस जेवावयास बोलावणें होतें तें वाकोआच्या बाजूच्या एका खेड्यांत, एका मराठी शेतकऱ्याच्या घरीं. त्यांची व आमची पूर्वींची ओळख नाहीं. आमच्या मार्गदर्शकाचे ते स्नेही, एवढाच धागा. महाराष्ट्रांतून शेतकरी आले आहेत असें कळतांच त्यांनीं निरोप पाठविला होता कीं, पाहुणे खाणावळींत जेवून गेले तर आम्हांस कमीपणा येईल. बस थांबतांच घरचीं व शेजारचीं मिळून तीस-चाळीस माणसें अंगणांत उभीं होतीं. दारांत रांगोळी, तुळशीची कुंडी आणि लाल झेंडा. बायांनीं ओवाळलें. यजमान साठीच्या पुढचे. शाळेंत मराठी शिकलेले, म्हणून बोलत तें पुस्तकी पण स्वच्छ. "आपण आंत यावें, हें आपलेंच घर आहे," असें ते प्रत्येकास वेगळें म्हणत होते. घरांतील बोली क्रिओल. परंतु त्यांच्या नव्वदीच्या मातोश्रींच्या बोलण्यांत आजी, देव, भात, पाणी हे शब्द जसेच्या तसे होते. त्या आमच्यांतील प्रत्येकाचा हात हातांत घेऊन थोडा वेळ नुसत्या पाहात राहिल्या.

पंगत केळीच्या पानावर बसली. भात, आमटी, लाल भोपळ्याची भाजी, फणसाची भाजी, टोमॅटोचा झणझणीत रस्सा, आणि त्या देशांत घरोघरीं व रस्त्यांत मिळणारी डाळपुरी. ही डाळपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची गूळ विसरलेली बहीणच. शिजविलेली वाटलेली डाळ आंत भरून ती पातळ लाटतात व भाजीबरोबर खातात. शेवटीं सब्जाचें बीं घातलेलें थंड दूध. वाढणारीं माणसें "अजून थोडें" हे दोन शब्द मराठींत शिकूनच आलीं होतीं, आणि त्यांच्यापुढें आमच्यांतील पथ्यवाल्यांचेंही कांहीं चाललें नाहीं. जेवणानंतर गल्लींतील तरुण मुलांनीं ढोलकी व झांजा घेऊन जाखडीचा नाच करून दाखविला. कोंकणांतील हा नाच त्यांनीं गणेशोत्सवाच्या निमित्तानें पिढ्यान्‌पिढ्या टिकविला आहे. गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. नाचणाऱ्यांपैकीं बहुतेकांस गाण्याचा अर्थ पुरा कळत नव्हता, परंतु ताल एकाचाही चुकला नाहीं.

मग यजमानांनीं आम्हांस शेतावर नेलें. जमीन तीन अर्पां. अर्पां हें तेथील फ्रेंचांच्या वेळचें माप. आपल्या हिशेबानें एक एकर पावणेदोन गुंठे. १८८० च्या सुमारास साखरेचे भाव पडले तेव्हां मळेवाल्यांनीं कडेकडेच्या जमिनींचे लहान तुकडे पाडून विकावयास काढले. करार संपलेल्या मजुरांनीं शिधा वांचवून, भिशी करून ते विकत घेतले. यांच्या पणजोबांनीं घेतलेला तुकडा हाच. लागण एकदां केली कीं सात-आठ वर्षें खोडवाच राखतात, आणि बहुतेक ऊस पावसावरच येतो. पाचट जाळीत नाहींत, सरींत पसरून ठेवतात. त्यामुळें ओल टिकते व तण मरतें, हें आमच्या मंडळींनीं उकरून खात्री करून घेतलें.

भावाची चौकशी अर्थातच झाली. त्या देशांत शेतकऱ्याच्या उंसापासून जितकी साखर निघेल तींतील शेंकडा ७८ हिस्सा शेतकऱ्याचा व २२ गिरणीचा, असा कायदेशीर वांटा आहे. मळीच्या उत्पन्नांतही शेतकऱ्याचा हक्क आहे. सर्व साखर १९१९ मध्यें स्थापन झालेल्या एकाच मंडळामार्फत विकली जाते, म्हणून लहान शेतकऱ्यास व मोठ्या मळेवाल्यास भाव एकच मिळतो. आपल्याकडे २०१२ मध्यें रंगराजन समितीनें साखर व उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा शेंकडा ७० हिस्सा शेतकऱ्यास द्यावा अशी शिफारस केली, आणि २०१३ मध्यें महाराष्ट्रांत ऊसदराचा कायदा झाला. दोहोंची तुलना करतांना दोन्हींकडील खर्च व चालीरीति वेगळ्या आहेत हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तथापि वांटा कोणत्या हिशेबानें पडतो हें त्या शेतकऱ्यास जसें तोंडपाठ होतें, तसें आपल्यांतील कितीजणांस आहे, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.

दुसरी गोष्ट विम्याची. १९४६ मध्यें त्या देशानें ऊसउत्पादकांसाठीं वादळ व अवर्षण यांविरुद्ध विम्याचा निधि काढला. प्रत्येक उत्पादकानें हप्ता भरावयाचा, आणि विभागाचें उत्पादन ठरीव प्रमाणाखालीं गेलें कीं भरपाई मिळावयाची. फेब्रुवारी १९६० मधील 'कॅरोल' वादळानें बेट झोडपून काढलें, त्या सालीं साखरेचें उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खालीं गेलें. "वडील सांगत, छप्पर उडालें पण जमीन गहाण पडली नाहीं, ती त्या निधीमुळें," असें यजमान म्हणाले.

एवढें चांगलें असतां त्यांच्या शेताच्या उजव्या बाजूस रान माजलें होतें. विचारलें तेव्हां कळलें कीं, तें त्यांच्या चुलत भावांचें. मालक अकरा, त्यांतील सात परदेशीं, तोडणीस मजूर मिळत नाहीं, तीन अर्पांसाठीं मोठें यंत्र येत नाहीं, आणि जवळची गिरणी बंद झाल्यापासून वाहतूक वाढली. डाव्या बाजूस परदेशी धनिकांसाठीं बंगले उठूं लागले आहेत. यजमानांच्या दोन मुलांपैकीं एक राजधानींत नोकरीस, दुसरा फ्रान्सांत. आमच्यांतील एकानें सरळच विचारलें कीं, दादा, विकून मोकळे कां होत नाहीं? ते थोडे थांबून म्हणाले, "माझ्या हयातींत नाहीं. पुढचें मी बोलूं शकत नाहीं." याहून अधिक ते बोलले नाहींत, आणि आम्हीही विचारलें नाहीं. आमच्या बावीस जणांत असा एकही नव्हता कीं ज्याच्या स्वतःच्या घरीं हा प्रश्न नाहीं.

घरीं परत आल्यावर त्यांनीं कपाटांतून एक कागद काढला. हाच तो मोक्याच्या दप्तरखान्यांतील उतारा. पणजोबांचें नांव, बापाचें नांव, वय बावीस, उंची, कपाळावर व्रण, जहाज, जिल्हा रत्नागिरी, आणि गांव. माझी उभी नोकरी महसूल खात्यांत फेरफार व वारसनोंदी लिहिण्यांत गेली हें मंडळींस ठाऊक असल्यामुळें कागद माझ्या हातीं आला. त्या घराण्याचें आजचें आडनांव म्हणजे पणजोबांचें नुसतें पाळण्यांतलें नांव आहे. बंदरावरील कारकुनानें मूळ आडनांव विचारलेंच नाहीं. नांव व बापाचें नांव मांडून तो मोकळा झाला. म्हणूनच त्या देशांतील मराठी कुटुंबांचीं आडनांवें रामजी, भिकाजी, सखाराम अशीं असतात. गांवाचें नांव तर त्यानें कानास जसें ऐकूं आलें तसें इंग्रजी अक्षरांत लिहिलें होतें. सहा अक्षरें, आणि तीं चार तऱ्हांनीं वाचतां येत. तालुका लिहिलेला नाहीं. यजमान दोनदां महाराष्ट्रांत येऊन गेले होते. पण गांव न कळल्यामुळें रत्नागिरीच्या समुद्रावर नारळ सोडून परत गेले.

मीं अक्षरें उतरून घेतलीं, परंतु तेथल्या तेथें निकाल दिला नाहीं. त्यांनीं तीस वर्षें जें शोधलें तें अंदाजानें सांगणें बरें नव्हे. घरीं परतल्यावर गांवांच्या याद्या पाहिल्या. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यांत हल्लींचा सिंधुदुर्गही येत असे, तो १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. म्हणून दोन्ही जिल्हे धुंडाळावे लागले. त्या अक्षरांत बसतील अशीं तीन गांवें मिळालीं, तीं तालुक्यांसह लिहून पाठविलीं, आणि यांतील खरें कोणतें तें सांगतां येत नाहीं असेंही स्पष्ट लिहिलें. त्यांचें उत्तर आलें: "तिन्ही गांवीं येईन व तिन्ही ठिकाणीं नारळ ठेवीन. एक तरी आमचा देव असेल."

त्या दिवशीं निघतांना त्यांनीं प्रत्येकाच्या हातीं साखरेची एक पुडी दिली. पुढें गंगा तलाव पाहिला. डोंगरावरील हें नैसर्गिक तळें. कांठीं ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ति २००७ पासून उभी आहे, आणि महाशिवरात्रीस लाखों यात्रेकरू पायीं चालत येथें येतात. धुकें उतरत होतें, थंडी बोंचत होती. दर्शन घेऊन रात्रीं आठच्या सुमारास मुक्कामीं पोंचलों.

आतां वाचकांस दोन शब्द. ऊसउत्पादकांनीं आपल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा व आपला वांटा कोणत्या हिशेबानें पडतो तें सभेंत विचारावें. पिकाचा विमा भरतांना हप्त्याची पावती व पेऱ्याची नोंद एकमेकांशीं जुळते कीं नाहीं तें त्याच दिवशीं पाहावें. घरांत कोणी वारल्यास वारसनोंद वर्षानुवर्षें लोंबकळत ठेवूं नये. सर्व वारसांचीं नांवें, लेकींसुद्धां, पूर्ण व शुद्ध लिहवून घ्यावीं, आणि सातबाऱ्यावर तीं तशीच चढलीं आहेत हें स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावें. जमीन पुढची पिढी कसेल कीं नाहीं हें आज कोणीच सांगूं शकत नाहीं. पण ती कोणाची व कोणत्या गांवची, हें त्यांस शोधीत फिरावें न लागो, एवढी तजवीज आपल्या हातीं आहे.

आणि मॉरिशसचा, त्रिनिदादचा किंवा दुसऱ्या कोठलाही मनुष्य हातांत असा कागद घेऊन आपल्या गांवीं आला, तर त्यास हंसूं नये, बाहेरच्या बाहेर वाटेस लावूं नये. चावडीवर नेऊन जुनीं दप्तरें पाहण्यास मदत करावी. गांव तेंच निघो वा न निघो, त्यास जेवल्याशिवाय जाऊं देऊं नये.